सारवलेल्या जमिनीपासून फरशीपर्यंत

घरांच्या भिंती, छप्परें व दरवाजे यांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत; परंतु ज्या जमिनीवर आपण बसतों, जेवतों व निजतों, तिच्याकडे इतिहासकाराची दृष्टि क्वचितच वळते. भाजलेल्या मातीची फरशी आतां मध्यम स्थितीच्या कुटुंबांत इतकी सर्वसाधारण झाली आहे कीं, एके काळीं ती मठांची व राजवाड्यांची मिरास होती हें सांगितल्यास मुलांस नवल वाटतें. या फरशीच्या इतिहासांत नक्षीइतकेंच श्रमांचेंही स्थान आहे, असें आमचें मत आहे. तें येथें थोडक्यांत मांडतों.

मध्ययुगांत इंग्लंडांतील ख्रिस्ती मठांत द्विरंगी फरश्या बसवीत. ओल्या मातीच्या चौकोनावर ठशानें नक्षी खोल दाबावयाची, त्या खळग्यांत दुसऱ्या रंगाची माती भरावयाची आणि मग फरशी भट्टींत भाजावयाची, अशी ती रीति होती. नक्षी फरशीच्या अंगांतच मुरलेली असल्यामुळें ती पावलांनीं सहजासहजीं पुसली जात नसे. सोळाव्या शतकांत आठव्या हेन्रीनें मठ मोडले, आणि आश्रयदाता गेल्याबरोबर ही कलाही लोपत गेली.

पुढें १८३० मध्यें स्टॅफर्डशायरमधील सॅम्युएल राइट यानें या जुन्या पद्धतीचें नवें पेटंट घेतलें. हर्बर्ट मिंटन यानें त्यांत हिस्सा विकत घेऊन चिकाटीनें प्रयोग चालविले. अडचण मोठी होती. ओली माती वाळतांना व भाजतांना आकसते. दोन रंगांच्या दोन माती सारख्याच प्रमाणांत आकसल्या नाहींत, तर नक्षी सुटून येते. १८४० मध्यें रिचर्ड प्रॉसर यानें मातीची जवळजवळ कोरडी भुकटी साच्यांत दाबून वस्तु करण्याचें पेटंट मिळविलें. या युक्तीनें गुंड्या होत. मिंटननें तीच फरश्यांकडे लाविली. पाणी थोडें म्हणून आकसणेंही थोडें. त्यामुळें एकसारख्या मापाच्या फरश्या हजारोंनीं निघूं लागल्या. आजच्या कारखान्यांतील बहुतेक फरशी याच तत्त्वावर घडते. सामान्य माणसाच्या घरांतील फरशीचा खरा जन्म आम्ही येथेंच मानतों.

मिंटनची फरशी समुद्रावरून मुंबईस आली, ती प्रथम सार्वजनिक इमारतींसाठीं. भायखळ्यास १८७२ मध्यें उघडलेल्या वस्तुसंग्रहालयांत, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, ती अद्याप पाहावयास मिळते. घरगुती फरशीस मात्र स्वदेशीचा हात लागावा लागला. १९२२ मध्यें सिधवा कुटुंबानें भारत फ्लोअरिंग टाइल्स ही संस्था काढली. तिच्या रंगीत फरश्या भट्टींतल्या नव्हत्या. त्या सिमेंटच्या, दाबून घडविलेल्या असत. तरीही परदेशी मालाशीं बरोबरी करणारी फरशी येथें होऊं शकते, हें त्यांनीं दाखवून दिलें.

तोंवर आमच्या बहुसंख्य घरांत जमीन मातीचीच होती. मुरूम व माती पसरून, पाणी मारून, ती चोपून घट्ट करीत; आणि मग शेणानें सारवीत. हें सारवण एकदां करून भागत नसे. दर काहीं दिवसांनीं, आणि सणावारीं तर अवश्य, घरच्या बायका उकिडव्या बसून संबंध घर हातानें सारवीत. त्यांत कौशल्य होतें. भेग पडली तर ती बुजविण्यास बाहेरचा कारागीर लागत नसे. परंतु हे श्रम कोणत्याही हिशेबाच्या वहींत मांडले गेले नाहींत.

फरशीनें हे श्रम गवंड्याकडे सोंपविले. खालचा थर चोपून एकजीव करावयाचा, पाणसळीनें सपाटी व गुण्यानें काटकोन पाहावयाचा, खोलीच्या मध्यापासून दोरी धरून ओळी लावावयाच्या, न्हाणीकडे ढाळ ठेवावयाचा आणि शेवटीं सांध्यांत दर्जा भरावयाच्या, हें सारें त्यानें एकदांच, पण निर्दोष केलें पाहिजे. फरशी आधीं भिजत घालण्याचा जुना नियमही सकारण आहे. कोरडी फरशी मसाल्यांतलें पाणी शोषून घेते, आणि मसाला नीट धरत नाहीं. आजच्या व्हिट्रिफाइड फरशीस मात्र हा नियम लागू नाहीं. ती ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी पिते. म्हणून साधा मसाला तिला घट्ट धरत नाहीं, आणि निराळा चिकट मसाला वापरावा लागतो. जिन्नस बदलला कीं कारागिराची विद्याही बदलते, याचें हें चांगलें उदाहरण होय.

असें असूनही आपल्याकडे नक्षी निवडण्यांत मंडळी आठ-आठ दिवस घालवितात, आणि गवंड्याच्या मजुरींत चार पैसे कमी करण्यासाठीं घासाघीस करितात. खालीं पोकळी राहिली कीं वर्षा-दोन वर्षांत फरशी पोकळ वाजूं लागते व पुढें तडकते. सारवणाप्रमाणें ती मग घरच्या घरीं बुजवितां येत नाहीं. पिढ्यान् पिढ्या आजीपणजींनीं गुडघे झिजवून जें काम केलें, त्यांतून त्यांच्या नातींची सुटका गवंड्याच्या हातानें झाली आहे. त्या हातास त्याचा योग्य मोबदला आनंदानें द्यावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.