दवाखान्याच्या कागदाची भाषा

माकणीत, तेरणा धरणाच्या गावात, उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या मास्तरकडे लोक काय घेऊन येतात? लग्नपत्रिकेचा मजकूर, तहसीलचा अर्ज आणि दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर मिळालेला कागद. पहिल्या दोन गोष्टी मला जमतात. तिसऱ्या कागदावर बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस असं लिहिलेलं असतं. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. ही इंग्रजी नव्हे, लॅटिन आहे. रोमची भाषा लंडनमार्गे आमच्या धरणाकाठी आली आणि शेजारचे चाचा दुखण्याची एसओएस गोळी महिनाभर रोज घेत राहिले.

शब्दांची गरिबी म्हणावी, तर तीही नाही. तब्येत, इलाज, दवा, जखम, मलम हे अरबी-फारसीतून आले. पथ्य, औषध, नाडी संस्कृतातून. आमच्याकडची बाई हे सगळे एकाच वाक्यात बोलते आणि समोरचीला कळतं.

हकिमाचं ज्ञान रुग्णाच्या हाती द्यावं, हा विचार जुना आहे. रय आणि बगदादच्या इस्पितळांचे प्रमुख राहिलेले अबू बक्र अल-राझी (मृत्यू सन ९२५ च्या सुमारास) यांनी एक पुस्तकच लिहिलं, ज्याच्या नावाचा अर्थ 'ज्याच्याजवळ तबीब हजर नाही त्याच्यासाठी' असा होतो. घरात, बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी काय करता येईल, हे त्यात आहे.

आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १८४६ साली हैदराबादला वैद्यकीय शाळा निघाली आणि तिथे आधुनिक वैद्यक चक्क उर्दूतून शिकवलं जाई. पुढे इंग्रजी आली, उस्मानिया विद्यापीठाच्या काळात पुन्हा उर्दू. उर्दूचा शिक्षक म्हणून मला याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण खरं सांगायचं तर सोय झाली ती शिकणाऱ्या डॉक्टरांची. उस्मानाबादच्या मराठी बोलणाऱ्या कुणब्याला उर्दू चिठ्ठी तरी कुठे वाचता येत होती! नंतर उर्दू गेली, शाळा-कचेऱ्यांत मराठी आली, दवाखान्याचा कागद मात्र इंग्रजीत गेला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होतो. सास्तूर इथून जवळच. तिथलं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दादीच्या पायाला प्लास्टर घातलं. बाहेरगावहून आलेल्या एका सिस्टरने तिला मराठीत सांगितलं : पाय उशीवर उंच ठेवा, प्लास्टर भिजू देऊ नका, आत काडी घालून खाजवू नका, बोटं हलवत राहा. बोटं निळी, गार किंवा बधिर पडली तर सकाळची वाट न बघता या. कागद नव्हताच. दादीने ते पाठ केलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये ज्याला-त्याला ऐकवलं. तिसऱ्या रात्री पलीकडच्या एका काकूंची बोटं निळी पडली, तेव्हा दादीनेच ओरडून माणसं उठवली. काकूंचा पाय वाचला.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. आजार, उपचार, त्यातले धोके रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावेत, हे तिच्यात आहे. आपण मागतच नाही.

रमजानचं उदाहरण घ्या. शुगरवाल्यांनी दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा ठरवून घ्याव्यात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा, असं मधुमेहतज्ज्ञ सांगतात. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, आजाऱ्याला तर कुरआननेच सवलत दिली आहे. तरीही दर वर्षी कुणीतरी असरनंतर थरथरत, घामाघूम होऊन बसलेलं असतं आणि घरचे म्हणतात, आता मगरिबला किती वेळ राहिलाय!

सुट्टी घेताना विचारा : कोणती गोळी किती दिवस, टाके कधी काढायचे, काय खायचं नाही, आणि काय झालं तर रात्रीसुद्धा परत यायचं. कागदाच्या मागच्या बाजूला मराठीत लिहून मागा, उर्दू वाचणाऱ्यांनी तिथेच उर्दूत उतरवून घ्यावं. सिस्टर लिहून देतात, मी पाहिलंय. पेन तेवढा आपला न्यावा.