'माफीचा साक्षीदार' आणि नववीतला भाचा

हिंगोलीहून ताईने विचारलंय, नववीतल्या पोराला 'माफीचा साक्षीदार' दाखवावा का?

आधी थोडा इतिहास. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ मध्ये पुण्यात दहा खून झाले, तेच जोशी-अभ्यंकर हत्याकांड. मारेकरी कोण, तर अभिनव कला महाविद्यालयातली पोरं! २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. त्यावर १९८६ मध्ये नाना पाटेकरचा हा सिनेमा आला. याच प्रकरणावर बेतलेला अनुराग कश्यपचा 'पाँच' तर सेन्सॉरच्या आक्षेपांनंतर वर्षानुवर्षं अडकला.

वयाचे शिक्के आधी दोनच, यू आणि ए. १९८३ मध्ये यूए आला, तोही बारा वर्षांच्या रेषेवर. तेरा आणि सोळाच्या पायऱ्या २०२३ च्या दुरुस्तीत आल्या. म्हणजे नववी-दहावीतल्या पोरांचा वेगळा विचार व्हायला इतकी वर्षं गेली.

तरी शिक्क्यावरून सगळं कळत नाही. पोराला मेलेल्यांबद्दल वाईट वाटतं की मारणारा हिरो वाटतो, हे घरच्यांनाच दिसतं. ताई, आधी तू एकटी बघ. पटलं तर सोबत बसून दाखव, आणि ती दहा खरी माणसं होती हे त्याला नक्की सांग.