उतार, सेल्फ आणि चावी

मराठवाड्यात आखाडा या शब्दाने कुस्तीची तालीम जितकी सुचते तितकीच शेतातली वस्ती, म्हणजे गुरे बांधण्याची, अवजारे ठेवण्याची आणि राखणीसाठी रात्र काढण्याची जागाही सुचते. आणि कळमनुरी तालुक्यातले आखाडा बाळापूर हे नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे गाव वाटसरूला आजही प्रथम भेटते ते थांबण्याचे ठिकाण म्हणूनच. येथे गाडी उभी राहते ती उतारू भरण्यासाठी, हळदीची पोती चढवण्यासाठी, किंवा चालकाचा चहा होईपर्यंत. अशा उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवावे की बंद करावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु मोटारीच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात त्याचा निकाल इंधनाच्या भावापेक्षा, बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होईल की नाही या धास्तीनेच अधिक वेळा लावला आहे.

हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली असताना, 1932 साली, निजाम स्टेट रेल्वेने आपले रस्ता-वाहतुकीचे खाते 27 गाड्या आणि 166 नोकरांनिशी उघडले. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंगने सिद्ध केलेला, इंजिन सुरू करणारा विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकवर येऊन तेव्हा वीस वर्षे लोटली होती, तरी हँडल मारण्याची विद्या मोटारवाल्याच्या हातून सुटलेली नव्हती. ही विद्या दिसते तितकी सोपी नव्हे. अंगठा चारही बोटांच्या बाजूलाच ठेवून हँडल खालून वर ओढावे लागे; अंगठ्याचा विळखा घातला आणि ठिणगी अवेळी पडून इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडण्याचा प्रसंग हमखास. इतका खटाटोप करून सुरू झालेले यंत्र चहापुरते कोण बंद करणार? पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल नियंत्रणाखाली गेले आणि हिंदुस्थानात कोळशाच्या गॅसवर मोटारी धावू लागल्या, तेव्हा तर भट्टी फुलवून गॅस धरेपर्यंत खोळंबून राहणे हाच शिरस्ता झाला.

त्या धास्तीचा वारसा काळ्या-पिवळ्या जीपांकडे आला. बॅटरी उतरलेल्या जीपचा चालक फाट्यावर येताच उतारूंच्या आधी उतार शोधतो, नाक खाली करून गाडी लावतो, मागच्या चाकाला दगड देतो आणि मगच चावी फिरवतो. निघताना दगड काढला की गाडी आपल्या वजनाने घरंगळते, दुसऱ्या गिअरात क्लच सोडताच इंजिन खोकून पेटते, आणि सपाटीवरच थांबावे लागले असेल तर भाडे भरलेल्याच उतारूंना धक्का मारायला खाली उतरवले जाते. सेल्फ घेत नाही म्हणून तासन्‌तास धुरत उभी राहणारी गाडी आणि उतार पाहून बंद केलेली गाडी, ही एकाच दारिद्र्याची दोन रूपे होत.

हे थांबणे-निघणे यंत्राच्याच स्वाधीन करण्याची कल्पना मात्र श्रीमंत देशांतली. 1973 च्या तेलसंकटानंतर, 1974 साली, टोयोटाने आपल्या क्राउन गाडीत उभ्या क्षणी इंजिन आपोआप बंद करणारी योजना बसवली. 1983 मध्ये फियाटने रेगाटात आणि पुढच्या दशकात फोक्सवॅगनने गोल्फच्या इकोमॅटिकमध्ये तोच प्रयोग केला. गिऱ्हाइकांनी त्यांना फारशी दाद दिली नाही. युरोपीय कायद्याने 2009 मध्ये नव्या मोटारींच्या कार्बन वायूला सरासरी 130 ग्रॅम प्रति किलोमीटरची मर्यादा घातली, तेव्हा कुठे ही युक्ती सर्वत्र पसरली. कारण तिथल्या चाचणीचा सुमारे चतुर्थांश वेळ गाडी उभीच असे आणि कागदावरची बचत नजरेत भरे. आपल्याकडे ती महिंद्राच्या स्कॉर्पिओत मायक्रो-हायब्रिड या नावाने आली, 2014 मध्ये हीरोच्या स्प्लेंडर आयस्मार्टवर बसून खेड्यापाड्यांत पोहोचली आणि 2020 मध्ये मारुतीच्या डिझायरमध्ये शिरली.

नव्या गाडीत जे येते ते जुन्या लहान गाडीत मागाहून बसवता येईल काय? चाक थांबले, गिअर न्यूट्रलमध्ये आला, क्लच सुटला, एवढे ओळखून इंजिन बंद करणारी आणि क्लच दाबताच सेल्फ मारणारी पेटी तयार करणे फारसे कठीण नाही. कठीण ते पुढेच. साधा सेल्फ हजारो वेळा फिरण्याच्या हिशेबाने घडवलेला असतो, तर या योजनेत त्याला लाखांनी फिरावे लागते. नेहमीची पाण्याची बॅटरी वारंवार उतरण्या-चढण्याने लवकर खंगते. बेअरिंगवरचे तेलाचे पातळ कवच दर आरंभाला विरते. सेल्फ, बॅटरी आणि ती भरण्याची व्यवस्था, इतके सारे बदलावे तर वाचलेल्या पेट्रोलचा आणि झालेल्या खर्चाचा मेळ बसत नाही, कारण लहान इंजिन उभ्याने तासाला अर्धा-पाऊण लिटरच्या आसपासच पिते. पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने भारत फोर्जच्या साहाय्याने 2010 मध्ये रेव्होलो नावाचा संच जाहीर केला, तो याहून पुष्कळ महत्त्वाकांक्षी होता: जुन्या मोटारीला विजेची मोटर जोडून तिला संकरित करण्याचा. तरीही तो घरोघरी पोहोचला नाही. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्याचा अर्थ कडकपणेच लावला.

तेव्हा बाळापूरच्या फाट्यावर जुनी लहान मोटार घेऊन येणाऱ्याने असल्या पेटीच्या नादी लागू नये. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन काढावी, सेल्फ दमदार ठेवावा, आणि मिनिटभराहून अधिक थांबायचे असेल तर स्वतःच्या हाताने चावी फिरवावी. घाटाच्या उतारावर चालत्या गाडीत मात्र ही काटकसर कोणी करू नये. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन दाबांतच संपते.