भोपाळची रातपाळी

भोपाळ म्हटलं की विषारी वायू आठवतो. गटाच्या बैठकीत आम्ही त्या रात्रीची हकिगत वाचली तेव्हा आमचं लक्ष मात्र माणसांकडे गेलं. कोणी कोणाला काय सांगितलं, आणि काय सांगायचं राहिलं?

२ डिसेंबर १९८४. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात कीटकनाशकं बनत. त्यासाठी लागणारं ‘मिक’ नावाचं जहाल रसायन ६१० नंबरच्या टाकीत साठवलं होतं. रात्री १०.२० ला टाकीतला दाब २ होता. पावणेअकराला पाळी बदलली, माणसं बदलली. अकराला नव्या माणसाने काटा पाहिला तर १०. २ ते २५ म्हणजे ठीकच, असं तिथे धरून चालत. एकटा १० पाहिला तर वावगं काहीच नाही. आधीच्या २ शेजारी ठेवला की कळतं, चाळीस मिनिटांत पाचपट!

साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. त्यांनी वरच्याला सांगितलंही. ठरलं असं की चहा झाल्यावर बघू. आम्हाला त्या चहावाल्यांना बोल लावावासा वाटत नाही. तिथे गळती नेहमीचीच, आणि ती ओळखायची खूण म्हणजे डोळ्यांतलं पाणी. चुलीच्या धुराला आपण कुठे उठून बघतो?

खरी गोष्ट आधीची आहे. १९८१ च्या डिसेंबरात याच कारखान्यात विषारी वायूने एक कामगार दगावला होता. १९८२ मध्ये युनियनने धोक्याची पत्रकं लावली. ती ऐकून घेणं दूरच, ‘मिक’ विभागात एका पाळीला १२ माणसं असत, तिथे ६ ठेवली. रात्रीच्या देखभालीचा सुपरवायझरही काढला. म्हणजे बिघाड दिसला तरी सांगायचं कोणाला? टाकी थंड ठेवणारं यंत्र तर महिनोन्‌महिने बंद होतं.

चहा संपेपर्यंत काटा पार टोकाला गेला होता.

आणि भिंतीबाहेरच्या वस्तीला? लोकांसाठीचा भोंगा थोडा वाजवून बंद केला. बायाबापड्यांना वाटलं, कुणी मिरच्या जाळल्या. पोरं उचलून त्या पळत सुटल्या, आणि पळताना वायू जास्तच छातीत गेला. तोंडावर ओलं फडकं धरलं असतं तर त्रास कमी झाला असता. एवढी साधी गोष्ट कारखान्याने शेजारच्या घरांना कधी सांगितलेली नव्हती.