शेतातील वनवृक्ष लागवड : शासकीय मदत, तोड परवानगी आणि वाहतूक पास

बांधावर साग लावताना बहुतेक शेतकरी रोपाचा दर, खड्ड्याचे माप आणि अनुदान एवढेच विचारतात. झाड तोडण्याची वेळ पंधरा-वीस वर्षांनी येते. तेव्हा सातबाऱ्यावर झाडांची नोंद नाही, बांधाची मोजणी झालेली नाही, भावाची संमती नाही, अशा अडचणी एकेक करून समोर येतात. पैशांची निकड असते, म्हणून उभी झाडे व्यापारी मागेल त्या भावात दिली जातात. हे नुकसान टाळायचे असेल तर परवानगीचा विचार लागवडीच्या वर्षीच करावा.

कोणत्या झाडांना तोड परवानगी लागते?

ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. या कायद्याच्या अनुसूचीतील झाड स्वतःच्या शेतात, स्वतः लावलेले असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. अनुसूचीतील झाडे अशी :

- साग, चंदन, खैर, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन
- आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा
- खारफुटी

ही यादी नीट पाहा. कन्या वन समृद्धी योजनेत शेतकरी कुटुंबात मुलगी जन्मल्यावर सागाची ५, आंब्याची २ आणि फणस, जांभूळ व चिंचेचे प्रत्येकी १ अशी १० रोपे दिली जातात. ही पाचही झाडे अनुसूचीत आहेत. म्हणजे मुलीच्या शिक्षणासाठी किंवा लग्नासाठी म्हणून लावलेला साग विकायचा झाला, तरी परवानगी घ्यावीच लागेल. योजना चांगली आहे, लाभ जरूर घ्यावा, पण रोप लावले त्याच वर्षी त्याची नोंदही करावी.

सागाची लागवड २ × २ मीटरवर केल्यास हेक्टरी २,५०० झाडे बसतात. त्यामुळे पुढे विरळणी करावी लागते. विरळणीत काढलेले झाड हीदेखील तोडच असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. विरळणीचा अर्ज आधी करावा आणि मगच कुऱ्हाड चालवावी.

बांबूला सूट आहे

भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील ‘वृक्ष’ या व्याख्येत पूर्वी बांबूचाही समावेश होता. २०१७ च्या दुरुस्तीने तो वगळण्यात आला. त्यामुळे खासगी शेतातील बांबू तोडण्यासाठी किंवा नेण्यासाठी वन विभागाचा परवाना लागत नाही. वनक्षेत्रातील बांबूला मात्र ही सूट नाही. शेत जंगलाला लागून असेल तर बांबू आपल्याच शेतातला आहे हे दाखवण्यासाठी चालू सातबारा गाडीसोबत ठेवावा.

शासकीय मदत कोठून मिळते?

- रोपे : वन विभाग आणि सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत वनमहोत्सवाच्या काळात रोपे सवलतीच्या दरात मिळतात. मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी.
- रोजगार हमीतून लागवड : पात्र लाभार्थ्यांना बांधावर किंवा शेतात वृक्ष लागवडीसाठी मजुरी व साहित्याचा खर्च टप्प्याटप्प्याने मिळतो. काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात असावे लागते. पुढील वर्षांची रक्कम जिवंत झाडांच्या टक्केवारीवर अवलंबून असते. म्हणून जितक्या झाडांना उन्हाळ्यात पाणी देणे जमेल, तितकीच लावावीत.
- बांबू : महाराष्ट्र बांबू विकास मंडळ आणि राष्ट्रीय बांबू अभियान यांच्यामार्फत बांबूच्या रोपांसाठी व लागवडीसाठी साहाय्य दिले गेले आहे.

अनुदानाचे दर आणि पात्रता बदलत असतात. गेल्या वर्षी शेजाऱ्याला मिळाले त्यावर विसंबू नये. चालू वर्षाचा शासन निर्णय तालुका कार्यालयातून पाहून घ्यावा आणि पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खड्डे खोदू नयेत.

लागवडीच्या वर्षी करायची चार कामे

१. सातबारा तपासा. भोगवटादार वर्ग-२, ‘खासगी वन’ किंवा राखीव झाडांबाबत शेरा असल्यास तहसील व वन विभागाकडून आधी खुलासा करून घ्यावा. मालकी हक्काचा प्रश्न तोडीच्या वेळी निघाला तर प्रकरण वर्षानुवर्षे अडकते.

२. झाडांची नोंद करा. ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरील झाडे नोंदवण्याची सोय आहे. नोंदीनंतर सातबाऱ्याची प्रत काढून संख्या बरोबर आहे ना, ते पाहावे. चूक असल्यास लगेच तलाठ्याच्या निदर्शनास आणावे.

३. हद्द पक्की करा. सामाईक बांधावरच झाड लावू नये, आपल्या हद्दीत आत घ्यावे. हद्दीवरून वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. वनहद्दीलगतच्या शेतात हे विशेष महत्त्वाचे आहे.

४. कागद जपा. रोपांची पावती, लागवडीचे फोटो आणि अनुदानाची पत्रे एकाच फाइलमध्ये ठेवावीत. चंदन लागवडीत तर यात कसूर करू नये, कारण चंदनाच्या चोरीचा आणि चौकशीचा धोका दोन्ही असतो.

तोड परवानगी कशी घ्यावी?

तुमच्या गावासाठी वृक्ष अधिकारी कोण आहे, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा तहसीलमध्ये आधी विचारावे. अर्जासोबत साधारणपणे सातबारा, ८-अ, गट नकाशा, ओळखपत्र, सहहिस्सेदारांची संमती आणि झाडांची यादी लागते. यादीत प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात आणि छातीच्या उंचीवरील घेर लिहावा.

त्यानंतर जागेची पाहणी होते. झाड वाळलेले, रोगट, वादळात पडलेले, पक्व झालेले किंवा जीविताला धोकादायक असणे ही परवानगीची मान्य कारणे आहेत. अर्जात आपले कारण स्पष्ट लिहावे. परवानगी देताना बदली झाडे लावण्याची अट घातली जाऊ शकते. लेखी आदेशात जेवढी झाडे आहेत तेवढीच तोडावीत, एकही जास्त नको.

अर्जाची पोच तारखेसह घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते आणि ती टळल्यास अपील करता येते. पोच नसेल तर अपिलाला आधार राहत नाही.

वाहतूक पास वेगळा असतो

तोडीचा आदेश हातात आहे म्हणून लाकूड गाडीत भरता येत नाही. तोडलेल्या ओंडक्यांना क्रमांक देऊन मापे घेतली जातात, वन विभागाचा हातोडा शिक्का पडतो आणि मग वाहतूक पास मिळतो. पासवरील गाडी क्रमांक, मार्ग, मुदत आणि ओंडक्यांची संख्या प्रत्यक्षाशी जुळली पाहिजे. गाडी बदलली तर पासही बदलून घ्यावा.

निलगिरी, सुबाभूळ, सुरू यांसारख्या काही जातींना वाहतुकीत सवलत आहे. आपल्या जिल्ह्यात ती कशी लागू आहे, याची वनपरिक्षेत्र कार्यालयात खात्री करावी. परराज्यात लाकूड पाठवायचे असल्यास डिसेंबर २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय वाहतूक पास प्रणालीवर ऑनलाइन अर्ज करता येतो.

आदिवासी खातेदारांसाठी

अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार ही विक्री वन विभागामार्फत होते. व्यापाऱ्याशी परस्पर केलेला सौदा कायद्याला धरून नसतो. उसनवारीच्या बदल्यात झाडे लिहून देण्याचा प्रकार अजूनही दिसतो, तो टाळावा. कृषी सहायक आणि वनरक्षकांनी ही बाब ग्रामसभेत आवर्जून सांगावी.

विक्री करताना

- परवानगीपूर्वी इसार घेऊन व्यापाऱ्याला झाडे तोडू देऊ नयेत. ‘कागदाचं आम्ही बघतो’ असे तो म्हणाला तरी जमीन तुमच्या नावावर आहे, चौकशीही तुमचीच होईल.
- कोऱ्या अर्जावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये.
- उक्ता सौदा करण्याऐवजी घेर व लांबी मोजून घनफुटावर दर ठरवावा. निदान दोन व्यापाऱ्यांचे भाव घ्यावेत.
- लाकूड परवानाधारक आरागिरणीलाच द्यावे. आरागिरणीसाठी स्वतंत्र परवाना लागतो.

तोडीचे वर्ष ठरले की किमान सहा महिने आधी कागदपत्रे गोळा करायला लागावे. कागद तयार असतील तर भाव ठरवताना घाई तुम्हाला नसते, व्यापाऱ्याला असते.