वाडग्यातला भात आणि बांधावरचा माणूस



इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, तहनामे आणि लढाया उभ्या राहतात. तो जेवणाच्या वाडग्यातही सापडतो, हे आम्हांला नवी मुंबईतील एका लहानशा उपाहारगृहात उमगले.

तेथे व्हिएतनामी पद्धतीचे माशांचे सार मिळते. मित्रांच्या आग्रहाखातर आम्ही ते मागविले. मोठ्या वाडग्यात तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र शेवया, वर तळलेल्या माशाचे तुकडे, टोमॅटोचा आंबटपणा आणि हिरवा पाला. पहिल्याच घासाला त्या पाल्याची ओळख पटली. तो शेपू होता! घरी शेपूची भाजी पाहून नाक मुरडणारे आम्ही, त्या दिवशी मात्र वाडगा चाटूनपुसून मोकळे झालो.

ह्या साराला त्यांच्या भाषेत ‘बुन का’ म्हणतात. बुन म्हणजे तांदळाच्या शेवया, का म्हणजे मासा. आता आपल्या कोकणातली शिरवाळी आठवा. तांदळाची उकड साच्यातून दाबून शेवया पाडावयाच्या, हीच ती कृती. आपण त्या नारळाच्या गोड रसात बुडवितो, ते माशाच्या सारात, एवढाच फरक. त्यांच्या स्वयंपाकातले मुरवलेले मत्स्यजलही आपल्या मांदेलीच्या कुळातले बारीक मासे मिठात कित्येक महिने ठेवून काढतात. ज्याच्या घरी सुकटीचा डबा आहे, त्याला ह्यात परके वाटावे असे काय आहे?

हे साम्य आले कोठून? असा प्रश्न निघाला की चंपा राज्याचे नाव हटकून घेतले जाते. मध्य व्हिएतनाममध्ये मी सन येथे चौथ्या शतकात भद्रवर्मा राजाने भद्रेश्वर शिवाचे मंदिर उभारले. तेथे संस्कृत शिलालेख आहेत. हे सारे खरे, आणि त्याचा अभिमानही रास्त आहे. परंतु शेपू घातलेले हे सार उत्तरेकडचे, तांबड्या नदीच्या खोऱ्यातले. चंपेची सत्ता तेथे नव्हती. तेव्हा ह्या वाडग्याचे नाते राजांच्या प्रशस्तीत शोधून भागणार नाही. आमच्या मते ते बांधावर सापडेल.

तांबडी नदी पुराने शेते बुडवीत असे. 1248 साली त्रान घराण्याच्या राजाने तिच्या काठाने थेट समुद्रापर्यंत बांध घालण्याची आज्ञा दिली. त्या बांधांच्या आड भात पिकला, पाण्यात मासा मिळाला आणि दोहोंची एका वाडग्यात गाठ पडली. ठाणे-पनवेलच्या खाडीकाठी आपल्या आगरी-कोळी बांधवांनी दुसऱ्या बाजूने हेच केले. भरतीचे खारे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध घातले, पावसाचे पाणी सोडण्यासाठी उघाड्या ठेवल्या आणि खारजमिनीतून भात काढला. बांधाबाहेर मिठागरे आणि मासेमारी. बांध फुटला की शेत खारावे. म्हणून तो राखणे हे साऱ्या गावाचे काम असे. भात, मासा आणि मीठ, ह्या तिन्ही गोष्टी ज्यांनी स्वतःच्या हातांनी मिळविल्या, त्यांचे जेवण जगाच्या पाठीवर कोठेही एकमेकांच्या ओळखीचे निघणारच.

17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे राहू लागले. मुंबईला श्वास घेण्यास जागा हवी होती, हे कोणी नाकारणार नाही. परंतु मोबदल्याचा प्रश्न चिघळला. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमाविले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले, त्यामागे हे रक्त आहे.

वाडगा रिकामा झाल्यावर आम्ही वाढणाऱ्या मुलाला विचारले, “ही जागा पूर्वी कोणत्या गावची?” तो गोंधळला. तो बिचारा पोटासाठी दूरवरून आलेला. पण कित्येक वर्षे ह्याच नगरीत राहून आम्हांला तरी कोठे सांगता आले? आमच्या जिभेवर सेक्टरचा आकडा होता, गावाचे नाव नव्हते. हजारो कोसांवरच्या सारातला शेपू आम्ही ओळखला, आणि पायाखालचा बांध ओळखला नाही!

परदेशी सार अवश्य चाखावे. रसना उदार असावी. मात्र एखाद्या सकाळी दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यातही जावे. तेथील माणसे अजून खाडीत होड्या घालतात. त्यांच्याकडून मासा घ्यावा, आणि घेता घेता आपल्या घराखालच्या शेताचे नाव विचारावे. सांगणारे आहेत, तोवर विचारून घेतलेले बरे.