शेंगेनचा पूल आणि दोन एकविसावी कलमं

आमच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर गुरुवारी एकच प्रश्न येतो: ह्या वीकेंडला कुठे? कुणी प्राग म्हणतं, कुणी मिलान, कुणाला पंचवीस युरोत पोर्तोचं विमान मिळालेलं असतं. फ्रॅंकफर्टमध्ये राहण्याचा हा मोठाच फायदा. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा, सॅक उचलायची आणि रविवारी रात्री फ्रिजवर एक मॅग्नेट वाढवायचं. एका गुरुवारी मी लिहिलं, ‘मी शेंगेनला चाललोय.’ लगेच एकाने विचारलं, ‘का रे, व्हिसा संपला?’

त्याची चूक नाही. शेंगेन हे व्हिसाचं नाव आहे असंच आपल्याला वाटतं. पण ते लक्झेंबर्गमधलं, द्राक्षमळ्यांच्या उताराखाली वसलेलं एक छोटंसं गाव आहे. मी कोब्लेंझला आणि मग ट्रियरला गाडी बदलून, मोझेल नदीच्या काठाकाठाने पेर्ल स्टेशनला उतरलो. ही जर्मनीची बाजू. स्टेशनातून खाली आलं की पूल लागतो आणि पुलापलीकडे लक्झेंबर्ग. मी तो चालत ओलांडला. समोरून एक बाई कुत्रा घेऊन येत होत्या, त्या बहुधा परदेशातून घरी चालल्या होत्या. फ्रान्सची हद्दही तिथून चालत जाण्याइतकी जवळ.

ह्या भागात मोझेलचं पात्र जर्मनी आणि लक्झेंबर्ग ह्या दोघांच्या सामाईक मालकीचं आहे, १८१६ सालच्या तहापासून. दोन भावांच्या वाटण्या होतात, पण विहीर सामाईक राहते, तसं. आपल्याकडे अशा विहिरीवरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे त्या पाण्यावर एक बोट उभी केली आणि करार केला.

करारामागे काही फार उदात्त प्रेरणा होती असं नाही. १९८४च्या फेब्रुवारीत आल्प्समधल्या घाटांत ट्रकच्या रांगाच रांगा लागल्या होत्या. इटलीतल्या आणि फ्रान्समधल्या कस्टम्स कर्मचाऱ्यांनी काम अडवून धरलं होतं, कडाक्याच्या थंडीत ट्रकवाले सीमेवर अडकले होते. शेवटी चिडलेल्या फ्रेंच ट्रकवाल्यांनी रस्तेच बंद केले. कागदोपत्री ‘सामाईक बाजारपेठ’ तेव्हा पंचवीस वर्षांहून जुनी झाली होती, आणि टोमॅटोचा ट्रक मात्र चौकीवर सडत होता. मित्तरां आणि कोल ह्यांना काहीतरी करणं भाग पडलं. १३ जुलै १९८४ रोजी सारब्र्युकेनला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी ह्यांनी आपसातली तपासणी टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग ह्यांनी आपापसातली तपासणी आधीच उठवली होती. ते तिघेही ह्यात आले.

१४ जून १९८५ रोजी ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ नावाच्या बोटीवर सह्या झाल्या. युरोपीय समुदायात तेव्हा दहा देश होते, त्यांतले पाचच हजर. एकही पंतप्रधान नाही, राष्ट्राध्यक्ष नाही. दुय्यम मंत्री आणि सचिव पातळीवरची माणसं आली आणि सह्या करून गेली. बोट त्या ठिकाणी उभी केली कारण तिथे फ्रान्स, जर्मनी आणि बेनेलक्स ह्यांच्या हद्दी भेटतात. शेंगेन हे जवळचं गाव, म्हणून त्याचं नाव लागलं. गंमत म्हणजे तेव्हा ते रेमर्शन नावाच्या पालिकेत मोडत होतं. त्या पालिकेनेच पुढे, २००६ साली, ‘शेंगेन’ हे नाव घेतलं.

१९८५च्या त्या करारातली माझी आवडती तरतूद म्हणजे हिरवी चकती. खासगी गाडीच्या पुढच्या काचेवर किमान आठ सेंटिमीटर व्यासाची हिरवी चकती लावायची. तिचा अर्थ असा, की गाडीतले सगळे नियमाने चाललेत आणि लपवण्यासारखं काही नाही. अशी गाडी चौकीपाशी फक्त वेग कमी करेल, शिपाई नजर टाकेल आणि ती पुढे जाईल. सीमा उघडण्याची सुरुवात अशी एका स्टिकरने झाली. हे स्टिकर अर्थातच आपल्यासाठी नव्हतं. ते होतं समुदायातल्या देशांच्या नागरिकांसाठी.

आपण ह्या गोष्टीत येतो १९ जून १९९० रोजी. त्याच गावात, त्याच बोटीवर दुसरा, जाडजूड करार झाला. तो खरं तर १९८९च्या डिसेंबरातच व्हायचा होता, पण मध्येच बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व जर्मनांचं काय करायचं हे ठरेना, म्हणून पश्चिम जर्मनीने तो पुढे ढकलायला लावला. पहिला करार थोडक्यात आटोपलेला, हा शंभराहून जास्त कलमांचा. तपासणी खरोखर उठवायची तर काय काय लागेल ते सगळं त्यात आहे: एकच व्हिसा, पोलिसांचा सामाईक संगणक, आश्रय मागणाऱ्यांचं काय करायचं ते. आणि त्यात कलम २१.

हे कलम म्हणतं की एका सदस्य देशाचा राहण्याचा वैध परवाना आणि वैध पासपोर्ट ज्या परक्या माणसाकडे असेल, त्याला बाकीच्या सदस्य देशांत तीन महिन्यांपर्यंत फिरता येईल. आमच्या ग्रुपवरचं गुरुवारचं सगळं संभाषण ह्या एका वाक्यावर उभं आहे. त्याआधी पश्चिम जर्मनीत नोकरी करणाऱ्या भारतीयाला ऱ्हाइनपलीकडचं स्ट्रासबुर्ग बघायचं असेल तर फ्रान्सचा व्हिसा काढावा लागे. नदीच्या अलीकडचं केल आणि पलीकडचं स्ट्रासबुर्ग म्हणजे डेक्कन आणि शनिवार पेठ म्हणा ना. पुलावर फिरायला जाण्यासाठी वकिलातीत रांग.

करार प्रत्यक्षात आला २६ मार्च १९९५ रोजी. तोवर स्पेन आणि पोर्तुगाल जोडले गेले होते, म्हणजे सात देश. पुढे देश वाढत गेले, आज ते २९ आहेत. पण कलम २१मध्ये एक भोक बराच काळ राहिलं होतं. ‘राहण्याचा परवाना’ म्हणजे कार्ड. ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं, नुसता लांब मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा होता, त्यांना आपल्या देशाबाहेर असं फिरता येत नसे. २०१० साली नियम बदलला आणि त्यांनाही मुभा मिळाली. नुकतीच शिकायला आलेली पोरं आज पहिल्याच महिन्यात अ‍ॅमस्टरडॅमला पळतात, ती ह्या दुरुस्तीमुळे.

पूल ओलांडून मी नदीकाठच्या बाकावर बसलो होतो आणि फोनवर हे कलम वाचत होतो. एकवीस हा आकडा वाचून मी थबकलो, कारण आपल्याकडचंही एक कलम २१ आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं. आणि आपण देशाबाहेर पडू शकतो ते त्या कलमाच्या जोरावर.

१९६७पर्यंत पासपोर्ट ही आपल्याकडे सरकारची मर्जी होती. तो कुणाला द्यायचा, कुणाचा परत घ्यायचा, ह्याला धड कायदाच नव्हता. सतवंत सिंग सॉनी नावाच्या व्यापाऱ्याला सरकारने पासपोर्ट परत करायला सांगितलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६७च्या एप्रिलमध्ये पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी म्हटलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कायदा केल्याशिवाय ते हिरावता येणार नाही. दोघांनी विरोधी मत दिलं. एका मताचा फरक! सरकारने घाईघाईने त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा केला. दहा वर्षांनी, १९७७ साली, मनेका गांधींचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हिता’साठी जप्त झाला आणि कारण सांगायलाही नकार मिळाला. २५ जानेवारी १९७८च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं: नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी. कायद्याची मुलं हा निकाल वेगळ्याच कारणांसाठी पाठ करतात. पण त्याच्या मुळाशी एक पासपोर्ट होता.

आणि पासपोर्ट असून तरी काय? साठच्या दशकात परदेशी जायला रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ लागे, परकीय चलन मोजून मिळे. पु. ल. देशपांड्यांनी आपल्या इंग्लंड-युरोपच्या प्रवासाचं पुस्तक १९६० साली काढलं, त्याचं नाव ‘अपूर्वाई’. आज आपण त्या शब्दाकडे कौतुकाने बघतो, तेव्हा ते साधं वर्णन होतं.

आता राहिले ते दोन दिवस. सीमा उघडी आहे पण रजा नाही, तर जाणार कसे? युद्धानंतरच्या जर्मनीत शनिवारीही काम असे. १ मे १९५६ रोजी कामगार संघटनांनी एक पोस्टर काढलं: हात वर करून हसणारं लहान मूल, आणि मजकुराचा अर्थ असा की शनिवारी बाबा माझे. मागणी होती पाच दिवसांच्या, चाळीस तासांच्या आठवड्याची. ती सगळीकडे पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. आणि रविवार? तो आपण फुकटच धरतो. मुंबईतल्या गिरण्यांत तोही नव्हता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, रविवार हा खंडोबाचा वार आहे असाही मुद्दा मांडला. १० जून १८९० रोजी ती सुट्टी मिळाली. पोर्तोच्या विमानात कुणी लोखंड्यांची आठवण काढत नाही. मीही काढली नव्हती.

स्वस्त विमानांची गोष्ट त्या मानाने रुक्ष आहे. १९९३ ते १९९७ ह्या काळात युरोपने विमान कंपन्यांवरची देशोदेशीची बंधनं काढली आणि भाडी कोसळली. त्याचा एक विनोदी अवशेष आमच्या वाट्याला आलाय. ‘फ्रॅंकफर्ट-हान’ नावाचा विमानतळ फ्रॅंकफर्टपासून सव्वाशेएक किलोमीटरवर, जुन्या अमेरिकन हवाई तळावर आहे. नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी त्या नावाला फसतो.

पण आतले दरवाजे काढायचे तर बाहेरची भिंत उंच करावी लागते, आणि १९९०च्या त्या करारातच ती आहे. माझ्या आई-बाबांना उन्हाळ्यात बोलवायचं होतं, तेव्हा आम्ही बँकेची स्टेटमेंट्स, विमा, निमंत्रणाचं हमीपत्र, घराचे कागद अशी फाइल केली. बाबांनी चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेली. त्यांना व्हिसा केंद्रात ‘परत जाल ह्याचा पुरावा?’ असं विचारलं, हे त्यांनी मला दोन महिन्यांनी, ट्रियरच्या गाडीत बसल्यावर सांगितलं. तिकडे खिडकीतून द्राक्षमळे दिसत होते आणि आई म्हणत होती, सांगली-तासगावसारखं आहे की रे.

आतले दरवाजेही आता पुन्हा बसवले जातायत. २०१५ साली निर्वासित मोठ्या संख्येने आले तेव्हा जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी सुरू केली, तात्पुरती म्हणून. करोनात तर दारं थेट बंदच झाली. १६ सप्टेंबर २०२४पासून जर्मनीच्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी आली, लक्झेंबर्गच्याही. तीही तात्पुरतीच.

शेंगेनहून त्या दिवशी मी आलो तसा परतलो नाही. लक्झेंबर्गमध्ये बस आणि रेल्वे सगळ्यांना फुकट आहे, तेव्हा राजधानीपर्यंत तसा गेलो आणि तिथून फ्रॅंकफर्टची रात्रीची बस धरली. जर्मनीत शिरल्यावर बस महामार्गाच्या कडेला थांबली. गणवेशातले दोघे चढले. पुढच्या रांगेतल्या आजींकडे त्यांनी नुसतं बघितलं. माझ्याकडे हात पुढे केला. मी ऐटीत कार्ड दिलं. ‘पासपोर्ट?’ तो फ्रॅंकफर्टला, कपाटात. दिवसभर मी जे कलम वाचत होतो त्यात ‘आणि वैध पासपोर्ट’ हे शब्द होते, दोनदा वाचले होते. तो अधिकारी माझ्या कार्डाकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. फोनवर कुणाशी तरी बोलला. कार्ड परत देऊन म्हणाला, पुढच्या वेळी दोन्ही आणा.

माझ्यामागे दोन रांगा सोडून एक तरुण बसला होता, विशी-बाविशीचा. लक्झेंबर्गला बस सुटायच्या आधी त्याने मला चार्जर मागितला होता. त्याच्याकडे एक घडी घातलेला कागद होता. तो त्यांच्याबरोबर खाली उतरला. बस दहा मिनिटं थांबली आणि मग त्याच्याशिवाय सुटली. माझा चार्जर त्याच्या सीटवरच लावलेला होता, त्याचा फोन तो घेऊन गेला होता.

हल्ली पासपोर्ट सॅकच्या आतल्या कप्प्यात असतो, कार्डाच्या शेजारी. ग्रुपवर ह्या गुरुवारी इस्तंबूल निघालंय. तिथे कलम २१ चालत नाही, पण शेंगेनचं कार्ड दाखवलं की ई-व्हिसा मिळतो. लंडनला तेही चालत नाही.